दिवेघाट, सासवड आणि भरलेला मोबाइल

फोटो टाकतोय, क्रम लागलेला नाही, समजून घ्या. पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखी सोहळ्यातला सगळ्यात लांब टप्प्यांपैकी एक, तीसेक किलोमीटर, आणि दमल्यावर दिवेघाट चढायचा. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळते, आपण घाटाकडे.

घाटाचे फोटो सगळेच टाकतात. वळणावळणाची रांग, भगव्या पताका, खाली मस्तानी तलाव. माझेही आहेत, बघून घ्या. पण रथाला चढासाठी जादा बैलजोड्या जुंपतात, तेव्हाचा गलका फोटोत येत नाही. पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक आजी चालत होत्या. "मावशी, दमला नाही का?" विचारलं, तर म्हणाल्या, "माउली, बोलत बसलास तर तूच दमशील." पुढचा अर्धा घाट मी गप्प.

मला खरं दाखवायचंय ते सासवडच्या तळावरचं. समाजआरतीला, म्हणजे मुक्कामी सगळ्यांनी मिळून करायच्या आरतीला, चोपदार (सोहळ्याची शिस्त सांभाळणारा मानकरी) दंड उंच करतो आणि एवढा जनसमुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ही पद्धत लागू करावी, असं माझं ठाम मत आहे. नंतर हरवलं-सापडलंची घोषणा, मग आरती.

ट्रकवर वाळत घातलेल्या धोतरांचा फोटो बायकोला सगळ्यात आवडला. वाल्ह्यापर्यंतचे फोटो उद्या. कुणाचा चेहरा दिसत असेल आणि नको असेल तर सांगा, काढून टाकतो.