थ्रीडी पीडीएफ नुसती उघडून बंद करू नका
नाशिकच्या अंबड, सातपूरला फिक्स्चर (मशीनवर जॉब, म्हणजे पार्ट, पकडून ठेवायची साधनं) बनवणाऱ्या आपल्या पोरांना आता कस्टमरकडून थ्रीडी पीडीएफ (आत फिरवून बघता येणारं मॉडेल असलेली) येते, पण अ‍ॅक्रोबॅटमध्ये थ्रीडी आधी बंदच असतं, मग वर पिवळी पट्टी दिसते, फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असेल तरच ऑप्शन्समधून ट्रस्ट करा. रोटेट टूलने मॉडेल कसंही फिरतं आणि वरची बाजू कुठली तेच कळेनासं होतं, म्हणून मला स्पिन जास्त आवडतं, त्यात जॉब सरळ राहतो. व्हीलने झूम. भरकटलात तर घराचं चिन्ह दाबा, डिफॉल्ट व्ह्यू परत येतो. आणि क्रॉस सेक्शन (मॉडेल कापून आतलं दाखवणारं टूल) वापराच हो! व्हॉल्व्ह बॉडीतलं आतलं बोअर (भोक) कुठे संपतं, भिंत कुठे पातळ होते, सगळं समोर दिसतं. मॉडेल ट्रीमधून (पार्टच्या यादीतून) नको ते पार्ट टिक काढून लपवता येतात.