आमची वाटचाल: दोन पायांच्या माईकपासून

नागपूरच्या महाल भागात बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गणपती आणि मारबतीच्या दिवसांत लाउडस्पीकरवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर रांगेनं टेबलावर असायचे. पुढे रेडिओ कमी झाले, आणि मी त्याच टेबलावर इंजिनिअरिंगच्या पोरांना लागणारा माल ठेवायला सुरुवात केली: आर्डुइनो उनो (प्रोग्राम घालून चालवायचा छोटा बोर्ड), सेन्सर, मोटर, ब्रेडबोर्ड, जंपर वायर. हिंगणा रोडवरच्या कॉलेजांची पोरं प्रोजेक्टच्या दिवसांत झुंडीनं यायची. पहिली काही वर्षं आम्ही फक्त विकत होतो. पुडी बांधायची, पैसे घ्यायचे.

एक पोरगा कंडेन्सर माईक घेऊन तिसऱ्यांदा परत आला. "काका, हा बी खराब निघाला जी. बोलून राहिलो, ओरडून राहिलो, आकडा हलूनच नाही राहिला." मी चौथा माईक काढायला गेलो, तेव्हा मागून बाबा म्हणाले, "अरे, त्याला करंट कुठून देऊन राहिला, ते तर विचार."

पोरानं माईकचा एक पाय सरळ उनोच्या ए-झिरो पिनला (ही पिन व्होल्टेज मोजून आकडा देते) आणि दुसरा ग्राउंडला लावला होता. बाहेरून करंटच नाही, म्हणून आकडा शून्यापाशी बसलेला. माईकच्या या छोट्या डबीत आवाजानं थरथरणाऱ्या पडद्यासोबत एक ट्रान्झिस्टर असतो, आणि रेझिस्टरमधून व्होल्टेज मिळाल्याशिवाय तो काम करत नाही. ज्या पायाची रेघ डबीच्या धातूला भिडलेली दिसते, तो ग्राउंडचा. दुसऱ्या पायाला 5 व्होल्टवरून रेझिस्टर लावायचा. मी हे लावून दाखवलं, तरी आकडा जेमतेम दोन-चारनं हलला. उनो 5 व्होल्टचे 1024 भाग करते, म्हणजे एक पायरी जवळपास 4.9 मिलिव्होल्टची, आणि साध्या बोलण्यातून माईक देतो काही मिलिव्होल्ट, म्हणून तो आधी वाढवावा लागतो. शिवाय आवाजाची लाट शून्याच्या वरही जाते आणि खालीही. खालचा अर्धा भाग उनोला दिसत नाही, म्हणून आधी सगळी लाट 2.5 व्होल्टवर उचलून धरावी लागते. मग शांततेत आकडा 512 च्या आसपास राहतो आणि बोललं की दोन्हीकडे झुलतो.

त्या रात्री मी हिशेब केला. आम्ही परत घेतलेल्या माईकपैकी बहुतेक चांगलेच होते. पोरांनी पैसे घालवले, रात्री जागून काढल्या आणि माल खराब म्हणून आमच्याकडे आणून टाकला. चूक त्यांची नव्हती, आम्ही त्यांना अर्धीच वस्तू विकत होतो. बाजारात मिळणारं निळ्या स्क्रूचं साउंड सेन्सर मॉड्यूलही आम्ही डोळे मिटून विकायचो. त्यातला कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा भाग, टाळी वाजली का, एवढंच हो-नाही सांगतो. दिवा लावायला ते पुरतं, आवाज मोजायला नाही. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून आम्ही स्वतःचा माईक बोर्ड बनवायला घेतला. पहिल्या खेपेत सिग्नल वाढवायला एलएम-358 हा आयसी घातला, कारण तो स्वस्त आणि बाबांच्या ओळखीचा. बोर्ड चालला, पण मोठ्यानं बोललं की लाटेचा माथा सपाट. आकडा 700 च्या थोडा वर जाऊन अडायचा. दोन दिवस सोल्डरिंगमध्ये दोष शोधला. दोष निवडीत होता: 5 व्होल्टवर चालवला तर त्या आयसीचं आउटपुट साधारण साडेतीन व्होल्टच्या वर जात नाही. दुसऱ्या खेपेला एमसीपी-6002 लावला. तो वरपासून खालपर्यंत जवळपास पूर्ण जातो. पहिल्या खेपेचे राहिलेले बोर्ड आम्ही विकले नाहीत, अजून कपाटात आहेत. नव्या मुलाला काम शिकवताना पहिल्यांदा तेच हातात देतो.

नंतरचा धडा मे महिन्यानं दिला. एका कॉलेजात कार्यशाळा होती, बाहेर 45 अंश, आत खिडकीला दोन मोठे कूलर. कोणी तोंडही उघडलं नव्हतं आणि तीस बोर्डांचे आकडे नाचत होते. वाऱ्याचा झोत सरळ माईकवर येत होता आणि पंख्याची घरघर लाटेची अर्धी जागा खाऊन टाकत होती. आमच्या सर्किटमध्ये माईकनंतर 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 10 किलोओहमचा रेझिस्टर होता. ही जोडी 16 हर्ट्झपासून वरचं सगळं आत सोडते. कपॅसिटर 0.1 चा केला की ती सीमा 160 हर्ट्झच्या आसपास येते. घरघर पुष्कळ कमी झाली आणि माणसाचं बोलणं कळण्याइतकं शिल्लक राहिलं. माईकवर फोमची टोपीही बसवली. नागपुरात विकायचा बोर्ड कूलरसमोर तपासल्याशिवाय द्यायचा नाही, हा नियम तेव्हा झाला. आजही आमच्या टेबलाशेजारी एक जुना कूलर त्याच कामासाठी ठेवला आहे, थंडीतही.

मग एका शाळेच्या बाई आल्या. वर्गातला गोंगाट मुलांनाच दिसावा, अशी त्यांची इच्छा. त्यांना पाटीवर डेसिबल हवे होते, कारण कायद्यात शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे. मी नाही म्हटलं. प्रमाणित मीटरशी जुळवल्याशिवाय आमच्या बोर्डाचा आकडा डेसिबल म्हणून छापणं म्हणजे मुलांना खोटं शिकवणं. त्याऐवजी 50 मिलिसेकंदांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांतल्या फरकावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे लावले. बाईंनी ते मान्य केलं आणि पुढे आणखी दोन वर्गांसाठी मागवले.

आता मुलांना मराठीत हुकूम ऐकणारा दिवा हवा असतो. त्यांना स्पष्ट सांगतो, आम्ही विकतो त्या उनोवर हे होणार नाही. तिची तात्पुरती मेमरी 2 किलोबाइट. पिनवरचा आकडा वाचायच्या साध्या अ‍ॅनालॉग-रीड हुकमानं सेकंदाला नऊ-साडेनऊ हजार नमुने घेतले, तर पाव सेकंदाचा आवाजसुद्धा त्यात मावत नाही. अशांना ईएसपी-32 हा जास्त मेमरीचा बोर्ड आणि आयएनएमपी-441 हा डिजिटल माईक देतो. त्याला 3.3 व्होल्टच द्यायचे, 5 नाही, आणि डावी-उजवी बाजू ठरवणारी एल-आर पिन मोकळी सोडायची नाही. डाव्या बाजूसाठी ती ग्राउंडला. या दोन ओळी आम्ही पुडीवरच लाल शाईनं छापतो.

काउंटरवर आता माझी मुलगी बसते. माईक मागायला आलेल्याला ती आधी विचारते, "टाळी ओळखायची, गोंगाट पाहायचा, की बोलणं समजून घ्यायचंय?" उत्तर ऐकून मग ती खणाकडे वळते. बाबा दुपारी येतात, बोर्डासमोर टिचकी वाजवतात आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ वर-खाली सारखी जाते का ते बघतात. सारखी गेली नाही, तर तो बोर्ड ते बाजूला काढून ठेवतात.