आखाजीचं नाटक: चार ट्रॉल्या, साडेसात प्लायवूड आणि दहाचा ठोका

जळगावहून सुरतकडे जाणारी गाडी धरणगाव मागे टाकून अमळनेरला थांबते. तिथून चोपडा रस्त्याची एसटी धरायची आणि तापीच्या अलीकडे उतरायचं. वैशाखातली दुपार, खिडकीची लोखंडी पट्टी हाताला चटका देते. दोन्ही बाजूंना मोकळी पडलेली काळी वावरं, भेगा एवढ्या की चप्पल अडकावी. गावात शिरल्यावर निंबाच्या झाडांना झोके दिसले आणि घराघरातून खापरावरच्या मांड्यांचा वास आला. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मी आलो होतो ते उद्या रात्रीच्या नाटकासाठी, पण खरं बघायचं होतं ते दुपारी चालतं ते काम: रंगमंच उभा करणं.

खानदेशातल्या गावात हौशी मंडळाच्या मोठ्या नाटकाला आखाजीच का, हे शेतीच्या हिशेबातच दिसतं. रब्बी घरात आलेली असते, पेरणीला अजून महिना-सव्वा महिना असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, जुनं साल संपून नवं ठरण्याचा मुहूर्तही हाच. म्हणजे नट मोकळे, प्रेक्षक मोकळे आणि वर्गणीला कोणी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत नाही. पाडव्याला तालमीचा नारळ फुटतो आणि वैशाख शुद्ध तृतीयेला पडदा वर जातो. महिना आणि दोन दिवस, तालमीला तेवढेच. नवरात्रात फक्त चाळीस मिनिटांची एकांकिका होते, कारण पाऊस कधी येईल सांगता येत नाही. हिवाळ्यातल्या यात्रेला तमाशाचा फड उतरतो, त्याच्यासमोर मंडळ शहाणपणाने गप्प बसतं. आखाजीला मात्र एकच प्रतिस्पर्धी, पत्त्यांचे डाव. पहिला प्रवेश रटाळ निघाला तर मागच्या रांगेतले लोक उठून कुठे जातात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

रंगमंच ट्रॅक्टरच्या चार ट्रॉल्यांचा. एकेक साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद. चार मिळून वीस बाय बाराचा रंगमंच होतो. वाचायला सोपं, जुळवायला अवघड. ट्रॉल्या शेपटाला शेपूट भिडवून लावायच्या म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्या बाहेर, दोन्ही विंगांकडे जातात. उलटं केलं तर दांडी मंचाच्या मधोमध येते. मागचे आणि आतल्या बाजूचे फाळके, म्हणजे कडेचे पत्रे, काढून टाकायचे. पण दोनचाकी ट्रॉलीचा तोल आसावर असतो, आणि शेपटं भिडतात ती नेमकी मंचाच्या मध्यावर, जिथे भावनेचा प्रसंग आला की चार माणसं एकत्र जमतात. शेपूट दबलं की दांडी वर उचलली जाते आणि विंगेत उभा असलेला माणूस दांडीसकट हवेत. म्हणून प्रत्येक शेपटाखाली लाकडी ठोकळ्यांची थप्पी आणि दांडीखाली जॅक, दोन्ही लागतात. विटा चालत नाहीत. नाचाच्या ठेक्याने वीट फुटते.

दोन कारखान्यांच्या ट्रॉल्यांची उंची कधी सारखी नसते, दोन-तीन इंचांचा फरक निघतोच. इथे त्यावर उपाय सोपा: उंच ट्रॉलीच्या टायरमधली हवा कमी करायची. ट्रॉल्यांचं काम बघणारे आप्पा गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून फळीची रेघ बघत होते. पाण्याची पातळी दाखवणारी नळी शेजारी पडलेली होती, पण त्यांनी तिला हात लावला नाही. ‘अठे जरा, तठे नको,’ एवढंच बोलणं. नंतर मी नळी लावून बघितली, फरक बोटभरही नव्हता.

वर प्लायवूड, आठ बाय चारचं, एकोणीस मिलिमीटरचं. बारा मिलिमीटरचं स्वस्त पडतं, पण ते वाकतं आणि प्रत्येक पावलाला ढोल वाजल्यासारखा आवाज होतो. पाच तुकडे उभे लावले की वीस फूट रुंदी आणि आठ फूट खोली भरते, उरलेल्या चार फुटांच्या पट्टीला अडीच तुकडे. एकूण साडेसात. असं मांडलं की ट्रॉल्यांचे सांधे कुठल्या ना कुठल्या फळीच्या पोटाखाली येतात. फळीचा सांधा ट्रॉलीच्या सांध्यावर आला तर तिथे पाय मुरगळणारच. प्लायवूडखाली गोणपाटाचे दोन थर, वर ताणून बसवलेली सतरंजी. सतरंजीचे खिळे कडेने मारायचे, मध्ये नाही, कारण अनवाणी नट असतोच.

पूर्वी गल्ली मातीची होती, बांबू दोन-अडीच हात पुरला की काम झालं. आता काँक्रीट आहे. म्हणून दोनशे लिटरच्या रिकाम्या पिंपात बांबू उभा करून ओली वाळू ठासतात. आधी पिंपाची जागा ठरवायची, मग वाळू, कारण भरलेलं पिंप चौघांनाही हलत नाही. (बांबूच्या मंडपाचा विषय निघाला की खानदेशातल्या माणसाला फैजपूर आठवतंच. 1936 च्या डिसेंबरातलं काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरलेलं पहिलं, आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांनी गावातल्याच साहित्यातून केली होती.)

मंचाची पाठ पश्चिमेला. संध्याकाळचा वारा पाठीमागून आला तर धूळ नटांच्या डोळ्यांत जात नाही आणि आवाज प्रेक्षकांकडे वाहतो. त्याची किंमत पाठपडद्याला मोजावी लागते, तो शिडासारखा फुगतो. खालची कड जमिनीपासून वीतभर मोकळी सोडली की वाऱ्याला वाट मिळते. घट्ट बांधला तर फाटतो तरी, नाहीतर बांबू घेऊन जातो. दर्शनी पडद्याला सुती दोर. नायलॉनचा ताणतो आणि ऐन वेळी कप्पीतून निसटतो.

मंचाची उंची चार फूट आणि प्रेक्षक जमिनीवर. पहिली रांग दहा फूट मागे नाही बसवली तर पुढच्या पोरांना नायकाची हनुवटी तेवढी दिसते. पोरं अर्थातच पुढे सरकतात.

दिव्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एलईडी आल्यापासून भार कमी झाला, पण लांबच्या खांबावरून ओढलेल्या बारीक वायरमध्ये विजेचा दाब कमी होतो आणि दिवे लुकलुकतात. वायर जाड घ्या. नवरात्रात पाखरांचा त्रास जास्त, तेव्हा पन्नास-साठ फुटांवर एक पांढरा दिवा अर्धा तास आधी लावून ठेवतात आणि मंचावर पिवळा उजेड. रंगपटाच्या, म्हणजे नटांच्या रंगभूषेच्या खोलीच्या, कोपऱ्यात तेला-तुपाचे डबे कापून केलेले जुने स्पॉट अजून पडलेले आहेत. अमळनेर त्या डब्यांचंच गाव. आज विप्रो म्हणून ओळखली जाणारी कंपनी 1945 मध्ये इथे वनस्पती तुपासाठी सुरू झाली. शेजारी एक चिनी मातीची बरणी, तिच्यात मिठाचं पाणी आणि दोन पितळी पट्ट्या: हा जुना डिमर. पट्ट्या जवळ आणल्या की उजेड वाढायचा. पाणी तापलं की विरोध कमी होऊन उजेड आपोआपच वाढायचा, त्यामुळे संध्याकाळच्या प्रवेशात सूर्य परत उगवायचा. उघड्या विजेचं हे खूळ बंद झालं ते बरंच झालं.

पैसे घालायचे तर आवाजावर घाला. मंचाच्या कडेला तीन माइक, आणि स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. स्पीकर मागे राहिला की शिट्टी सुरू होते आणि ती दाबायला आवाज कमी केला की नाटक मेलं. माइकखाली फोमचा तुकडा ठेवायचा, नाहीतर ट्रॉलीचा दणका संवादाच्या वर ऐकू येतो.

कागदपत्रं तीन. लेखकाची परवानगी, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी. पहिल्या दोन्हींना वेळ लागतो, संक्रांतीलाच अर्ज करा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देता येते. त्या पंधरांवर विसंबण्यापेक्षा नाटक छाटलेलं बरं. म्हणून तीन अंकी संहिता दोन अंकी होते, सव्वासातला नांदी आणि पावणेदहाला पडदा. रात्रभराचं नाटक बघितलेली म्हातारी माणसं यावर नाराज आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. उजेड असताना रंगलेला चेहरा दिसला की अर्धी गंमत जाते.

तालमीतली मोठी अडचण पाठांतराची नाही, ‘ळ’ची आहे. अहिराणीत डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. प्रमाण मराठीतलं नाटक असेल तर रागाच्या किंवा रडण्याच्या वाक्यात ‘य’ हटकून बाहेर येतो आणि सगळी गल्ली हसते. प्रॉम्प्टर जिभाऊंच्या वहीत प्रत्येक ‘ळ’भोवती लाल गोल होते. विनोदी पात्राचे गोल मात्र त्यांनी खोडून टाकले होते. ‘त्याले राहू द्या,’ म्हणाले. स्त्री भूमिका करणारी कलाकार शहरातून मानधनावर येते, शेवटच्या दोन तालमींना. म्हणून तिच्यासमोरच्या नटाला दोघांचेही संवाद पाठ ठेवावे लागतात.

रंगपटात संध्याकाळीसुद्धा अंगाला घामाच्या धारा. पॅनकेकआधी, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या रंगाआधी, बर्फ कापडात गुंडाळून चेहरा पुसायचा, कोरडा करायचा, मग रंग, मग पावडर. मिशीचा गोंद लावून लगेच चिकटवली तर ती दुसऱ्या प्रवेशात ओठावर येते. बोटाला तार सुटेपर्यंत थांबायचं. जुन्या पेटीत सफेदा आणि हिंगुळाच्या पुड्या आहेत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, त्याला आता कोणी हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी आखाजीचा आमरस झाला आणि सव्वासातची नांदी साडेसातला सुरू झाली. दुसऱ्या अंकात नायकाच्या बापाला मरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. जिभाऊंनी विंगेतून घड्याळ दाखवलं, तेव्हा तो मेला. दहाला चार मिनिटं कमी असताना माइक बंद झाले.

पडदे त्याच रात्री उतरवतात, घडी न घालता बांबूला गुंडाळून, कारण घडीवर रंग तडकतो. प्लायवूड समाजमंदिरात उभं. ट्रॉल्या सकाळी सहाला हव्या होत्या, शेणखत वाहायचे दिवस. मी एसटीला निघालो तेव्हा आप्पा उंच ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा भरत होते.