थार पाण्यात किती खोल उतरवावी?

पावसाळा आला की गावाकडून फोन येतो, "तुझी थार पाण्यातून किती जाते रे?" कंपनी सांगते 650 मिलिमीटर. फोर्स गुरखा 700, तिला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी, कारखान्यातूनच बसवून येतो. नव्या लँड रोव्हर डिफेंडरला एअर सस्पेन्शन, म्हणजे हवेच्या दाबाने गाडी उंच करणारी यंत्रणा, असेल तर 900. पण हे आकडे साचलेल्या पाण्याचे, तेही सावकाश चालवलं तर.

मर्यादा ठरते ती इंजिन हवा कुठून ओढतं त्यावर. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारू नका, टोचन लावून बाहेर काढा.

स्नॉर्कलने फक्त इंजिनाच्या हवेची सोय होते. डिफरेन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं काय? तापलेलं हाउसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे तिचं हवेचं छिद्र, पाण्याखाली असेल तर पाणी आत खेचलं जातं. आमच्या मेकॅनिककाकांनी एकदा अशा गाडीचा ड्रेन प्लग खोलून दाखवला. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाण्यातून आल्यावर हे तपासाच.

वाहत्या पाण्याला यातलं काहीच लागू नाही. दोन फूट वाहतं पाणी भल्याभल्या एसयूव्ही उचलून नेतं. टायरची पकड सुटली की फोर बाय फोर काय कामाचं? कोकणातल्या फरशी पुलावर पाणी गढूळ असेल तर खालचा स्लॅब शाबूत आहे की वाहून गेलाय, तेही दिसत नाही. तिथे मी गाडी वळवतो, आणि मागून येणाऱ्यांनाही हात करून थांबवतो.