मागचं चाक: विकत की घरी बांधलेलं? निर्णय झाला

सायकलचं पुढचं चाक तयार घेतलं, मागचं घरी बांधतोय. अर्धं काम झालंय, म्हणून ही नोंद.

जुन्या मागच्या चाकाचे आरे एकामागून एक तुटत होते. सगळे कॅसेटच्या (मागच्या दातचक्रांच्या संचाच्या) बाजूचे, सगळे हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, अडकतात त्या वळणावर. कॅरियरवर सामान बांधून पुण्याजवळचा बोपदेव घाट चढायचा, सासवडहून परतताना खड्डे चुकवायचे, आणि मध्येच टण्णकन आवाज. त्या बाजूचा आरा कॅसेट काढल्याशिवाय बदलता येत नाही, त्यामुळे रस्त्यात काही करणं अवघडच. नाना पेठेतल्या सायकलवाल्याकडून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून आणायचो, तर पुढच्या लांब राइडला शेजारचा आरा जायचा.

आरे बहुतेक वेळा जास्त ताणाने तुटत नाहीत, कमी आणि असमान ताणाने तुटतात. चाक फिरताना जमिनीलगतच्या आऱ्यांवरचा ताण उतरतो आणि लगेच परत चढतो. ७०० सी (रस्त्यावरच्या सायकलींचं नेहमीचं माप) चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) प्रत्येक आरा जवळजवळ ९५ हजार वेळा हे सोसतो. मुळात ताण भरपूर असेल तर आरा कधीच सैल पडत नाही. कमी असेल तर वळणापाशी हलत राहतो आणि धातू थकतो. यंत्रावर बांधलेल्या स्वस्त चाकांत नेमकी इथेच कसर असते. म्हणून महागडी रिम घेण्यापेक्षा ताण नीट देण्यावर वेळ घालवणं मला जास्त मोलाचं वाटतं.

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे ३६ आऱ्यांचं साधं तयार चाक घ्यायचं आणि स्वतः पुन्हा ताणायचं. पुढच्या चाकाला तेच केलं. माझे रिम ब्रेक (रिमलाच घासणारे) आहेत, हबवर डिस्क नाही, त्यामुळे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी सारखं, आणि त्यावर वजनही कमी. मागे हे पटलं नाही. बजेटमधल्या बऱ्याच तयार चाकांना आटे असलेला फ्रीव्हील हब येतो, म्हणजे दातचक्रं हबवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली. त्यात उजवीकडचं बेअरिंग फार आत बसतं आणि सामान लादलं की एक्सल वाकतो. माझा जुना शिमानो डिओरे हब (कॅसेटवाला) मात्र ठणठणीत आहे. नवे छर्रे, नवं ग्रीस, बस्स. सर्वात महाग भाग हातात असताना तो टाकून का द्यायचा? शिवाय पुण्याच्या पावसाळ्यात ब्रेकच्या गाळाने रिम झिजते. पुढच्या वेळी त्याच मापाची नवी रिम जुनीच्या शेजारी चिकटपट्टीने बांधायची आणि एकेक आरा तिच्यावर सरकवायचा. हब तोच, आरेही तेच.

तर सामान असं: ३६ भोकांची दुहेरी भिंतीची रिम, २ मिलिमीटरचे स्टेनलेस आरे, पितळी निपल (आऱ्याच्या टोकावरचे, ताण देण्यासाठी फिरवायचे छोटे नट). उजवे आरे डाव्यांपेक्षा थोडे आखूड, हे मागवताना विसरू नका. तीन क्रॉसने (प्रत्येक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना ओलांडतो) भरून झालेत. आट्यांना जवसाचं तेल लावलंय. आत्ता ते वंगणाचं काम करतं, नंतर सुकून निपल धरून ठेवतं.

ट्रूइंग स्टँड (चाक सरळ करायचा स्टँड) घेतला नाही. सायकल उलटी, चेन-स्टेला (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या नळीला) झिप टाय, तिचं टोक रिमला जेमतेम टेकेल असं. चाक उलटं बसवूनही दोन्ही बाजूंचं अंतर तेच आलं, म्हणजे रिम मधोमध आहे. ताण मी आवाजावरून जुळवतो, तंबोरा लावावा तसा: एका बाजूचे सगळे आरे छेडल्यावर एकाच स्वरात बोलले पाहिजेत. उजव्या बाजूचा स्वर वरचा असणार, कारण कॅसेटमुळे तिथला ताण जास्त. डावीकडे साधारण साठ टक्केच राहतो. दोन्ही बाजू सारख्या करायला गेलात तर रिम एका अंगाला जाईल.

आता उरलंय ते जोडीजोडीने आरे हातमोजे घालून जोरात दाबणं. दाबल्यावर आऱ्यांची वळणं फ्लँजवर (हबच्या आरे अडकवायच्या कडेवर) नीट बसतात, चाक थोडं आउट होतं, पुन्हा सरळ करायचं. दाबूनही ते हललं नाही की पुढच्या रविवारी रिकाम्या कॅरियरने बोपदेव. सामान त्यानंतरच. एकूण ताण किती झाला हे मला नुसत्या कानाने ठरवता येत नाही, म्हणून कुणाकडे टेन्शन मीटर असेल तर एका संध्याकाळपुरता हवाय. चाक घेऊन मी येईन.