दहा हजाराचं टोकन

गाडी बघायच्या आधी टोकन देणारा माणूस मूर्ख असतो असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचो, आणि मागच्या महिन्यात घोडबंदर रोडच्या एका डीलरकडे मीच दहा हजार जीपे करून आलो. २०१७ ची वॅगनआर, एमएच ४३, रंग चकाचक, मीटर ४१ हजार. "साहेब, संध्याकाळी कल्याणची पार्टी येतेय," झालं, मी पाघळलो.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन गेलो. पठ्ठ्याने बॉनेट उघडलंच नाही, सरळ ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, आणि जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो तिथे सुकलेल्या चिखलाची रेघ! मग मॅट उचलली तर सीटच्या रेल्सला गंज. म्हणजे गाडी पाण्यात बसलेली, तरीच म्हटलं आत तीन-तीन परफ्युम कशाला लटकवलेत. ब्रेक पेडलचं रबर तर पार गुळगुळीत, ४१ हजारात एवढं कसं झिजेल?

वर लोन. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या आरसीच्या फोटोत अंगठा नेमका फायनान्सरच्या नावावर होता, आणि मला ते दिसलंच नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ नसेल तर लोनचा बोजा आरसीवरून निघत नाही.

टोकन परत मागितलं तर "नॉन रिफंडेबल आहे साहेब". पावती नव्हती, पण पेमेंटचा स्क्रीनशॉट होता आणि "लोन क्लिअर आहे" हा त्याचाच मेसेज. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, नंबर त्याला पाठवला, आणि पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीसुद्धा नाही हेही लिहिलं. अकराव्या दिवशी पैसे आले. हे जमलं कारण तो धंदा करणारा डीलर होता, शेजारच्या काकांकडून गाडी घेतली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा बंदच.

शेवटी गाडी घेतली कळव्यातल्या एका काकांचीच, पण यावेळी आधी ई-चलन बघितली, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर समोर बसून सह्या घेतल्या, आणि इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करायला टाकला. काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, मला मिळत नाही हे तिथे कळलं, प्रीमियम थोडा वाढला.

ती वॅगनआर अजून ऑनलाइन दिसते. "सिंगल ओनर, फुल कंडिशन". किंमत वीस हजारांनी उतरलीये, आणि फोटोत आता परफ्युम चार आहेत.