चायना ग्रास कुठून आणलंस?

गेल्या शुक्रवारी माझा वाढदिवस झाला. इथे जर्मनीत ज्याचा वाढदिवस त्यानंच केक न्यायचा, हे रडगाणं मागे गाऊन झालंय. यंदा केकचा कंटाळा आला म्हणून आदल्या रात्री चायना ग्रासच्या वड्या केल्या. दूध, साखर, वेलची, आईनं पाठवलेलं केशर. ड्रेस्डेनच्या आशियाई दुकानात चायना ग्रास मिळतं, पांढऱ्या सुतळीच्या लडीसारखं, आपल्याकडे मिळतं तस्संच. वड्या झकास पडल्या. सुरीला चिकटल्या नाहीत, कडा कशा कापून काढल्यासारख्या.

आमच्या सूक्ष्मजीवांच्या लॅबच्या कॉफीच्या खोलीत सगळे जमले. एकानं विचारलं, हे घट्ट कशानं झालं? मी भाबडेपणानं म्हटलं, "आगरनं."

चायना ग्रास म्हणजेच आगर, आणि लॅबमध्ये जंतू वाढवायला आम्ही तेच वापरतो. चमचे हवेतच थांबले. लॅबच्या सुरक्षेचं काम बघणारा सहकारी हसत म्हणाला, "कुठून आणलंस?" हसत होता खरा, पण उत्तर मिळेपर्यंत वडी काही त्याच्या तोंडात गेली नाही. म्हणजे मी लॅबच्या डब्यातून चार चमचे आगर पळवून त्याची मिठाई केली, असं वाटलं होय रे तुम्हाला! दुकानाचं नाव सांगितल्यावर दोघातिघांनी खाल्ली आणि "इंटरेसांट" म्हणाले. जर्मन माणूस खाण्याला इंटरेसांट म्हणाला, की उरलेलं डब्यात भरून घरी न्यायचं.

वड्यांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. इथे आम्हाला दरवर्षी सुरक्षेचे नियम वाचून दाखवतात आणि खाली सही घेतात. लॅबमधलं काही तोंडाजवळ न्यायचं नाही, जंतू वाढवलेली आगरची बशी, म्हणजे प्लेट, हुंगायची नाही, गरम फ्लास्क उघड्या हातानं धरायचा नाही. ऐकताना दरवेळी वाटतं, मी सूक्ष्मजीव वाढवायला शिकले तेच मुळी तोंड, नाक आणि गाल वापरून. आता उरलं काय?

गाल म्हणजे खरोखरचा गाल. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या मोठ्या प्रेशर कुकरमधून, १२१ अंशांवरून निघालेला मीडिया, म्हणजे आगर घातलेलं जंतूंचं खाद्य, प्लेटीत ओतण्याजोगा झाला का, हे कॉलेजात आमच्या मॅडम फ्लास्क गालाला टेकवून सांगायच्या. चटका बसला तर थांबायचं. फार गरम ओतलं की झाकणाच्या आत पाण्याचे थेंब धरतात, ते वाढीवर पडतात आणि जंतूंच्या सुट्या सुट्या ठिपक्यांएवढ्या वसाहती, म्हणजे कॉलन्या, एकमेकींत वाहून जातात. सगळा खटाटोप त्या सुट्या करण्यासाठी असतो, त्यामुळे मग रडायचंच. आणि उगाच थांबलात, पारा चाळिशीच्या खाली गेला, तर फ्लास्कमध्येच गोळे. ते पुन्हा वितळवायला ८५ अंशांच्या पुढे न्यावं लागतं. 'बाळाच्या अंघोळीच्या पाण्याहून जरा जास्त,' असं मॅडमचं माप होतं. इथे फ्लास्क ठेवायला ५० अंशांच्या पाण्याचं भांडं, वॉटर बाथ, आहे, आकडा लाल अक्षरांत दिसतो. प्लेट मॅडमच्या प्लेटइतकीच छान होते, हे मान्य. पण वॉटर बाथ बंद पडला त्या दिवशी इथल्या दोन पोरांनी चक्क काम थांबवलं. मी फ्लास्क गालाला लावला आणि वीस प्लेटी ओतल्या. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

तोंडाचं मात्र काही समर्थन नाही. आम्ही पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, तोंडानं ओढायचो, वरच्या टोकाला कापसाचा बोळा घालून. एकदा ओढताना लक्ष मैत्रिणीकडे गेलं आणि ई. कोलाय जंतू वाढवलेला पातळ मीडिया, ब्रॉथ, जिभेला लागला. खारट, मांसाच्या रश्शाच्या पाण्यासारखा. मॅडमनी गुळण्या करायला लावल्या, घरी मी अवाक्षर काढलं नाही. तो नियम बरोबरच आहे, त्यावर भांडण नाही. फक्त एवढंच की अख्ख्या बॅचला पिपेट ओढायचे रबरी बल्ब तीन होते, आणि तरी आमचे जंतूंचे काउंट चुकत नसत.

पण नाक! नाकाचा नियम मला पटत नाही, पटणारही नाही.

मी मातीतले ॲक्टिनोमायसिटीज, म्हणजे बुरशीसारखे धागे धरणारे बॅक्टेरिया, वेगळे काढते. ग्राम-दोन ग्राम माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, दहापट-दहापट पातळ करत न्यायची, स्टार्च-केसीन आगरवर पसरायची, बुरशी दडपणारं औषध घालून २८ अंशांवर ठेवायची आणि वाट बघायची. बाकीचे बॅक्टेरिया एका रात्रीत ओलसर, चमकदार ठिपके उठवतात. माझ्या ॲक्टिनोमायसिटीजमधला स्ट्रेप्टोमायसिस आठवडा घेतो. आधी छोटीशी कडक टिकली, मग तिच्यावर पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी नाहीतर राखाडी पूड. तारेच्या लूपनं उचलायला जा, हलत नाही. आगरमध्ये मुळं घातल्यासारखी रुतलेली असते. निर्जंतुक टूथपिकनं उकरावी लागते, मग नव्या प्लेटवर रेघा मारायच्या, त्यातली एक सुटी कॉलनी घेऊन पुन्हा रेघा, पुन्हा तेच, सगळ्या टिकल्या सारख्या दिसेपर्यंत.

आणि ह्या प्लेटीला वास येतो. जिओस्मिन नावाचं द्रव्य हे जंतू बनवतात. पहिल्या पावसाचा म्हणून आपण जो मातीचा वास ओळखतो ना, त्यातला मोठा वाटा ह्याचा.

मे महिन्यात आईचा फोन आला होता. साताऱ्यात वळीव झोडपून गेलेला, अंगणातलं वाळवण भिजलेलं, तिची चिडचिड चाललेली. फोन ठेवून मी इन्क्युबेटर उघडला, दहा दिवसांची प्लेट काढली, झाकण जरासं तिरकं केलं आणि नाकाशी नेलं. डोळे मिटून. मागून आवाज आला, "हे करायचं नसतं." सांगणारी मुलगी तेवीस वर्षांची, अतिशय नम्र. तिचं बरोबरच होतं, बीजाणू नाकात जातात. त्या प्लेटीत आजार करणारं काही नव्हतं, हेही तितकंच खरं. मी सॉरी म्हटलं. नंतर वॉशरूममध्ये जाऊन थोडी रडले, पण ते वळवामुळे.

तर वड्या. उरलेला डबा उचलत होते, तेवढ्यात मीडिया बनवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या खोलीला इथे सरळ 'मेडियनक्यूशे' म्हणतात, म्हणजे मीडियाचं स्वयंपाकघर. लवकरच निवृत्त होतील. त्यांनी एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाल्या, "आमच्या लीनाची आठवण झाली."

लीना म्हणजे फॅनी आंगेलिना हेसे. जन्म न्यूयॉर्कचा, १८५० चा. नवरा वाल्टर हेसे इथेच सॅक्सनीत डॉक्टर होता आणि हवेतले जंतू जिलेटिनवर वाढवून मोजायचा. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, ३७ अंशांवर तर त्याचं पाणीच, शिवाय काही जंतू ते पचवून टाकायचे. त्यानं वैतागून विचारलं, तुझ्या जेली उन्हाळ्यात कशा टिकतात? ती म्हणाली, आगरनं. जावात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांनी तिला न्यूयॉर्कमध्ये शिकवलं होतं. हे १८८१ मधलं. हेसेनं रॉबर्ट कॉख ह्या जंतुशास्त्रज्ञाला कळवलं आणि कॉखच्या १८८२ च्या क्षयाच्या जंतूवरच्या लेखात आगरचा ओझरता उल्लेख आला. लीनाचं नाव नाही. पेट्रीनं १८८७ मध्ये बशीला झाकण दिलं आणि 'पेट्री डिश' म्हणून त्याचं नाव मात्र रोज प्रत्येक लॅबमध्ये घेतलं जातं.

"म्हणजे आगर स्वयंपाकघरातनंच लॅबमध्ये गेलं," मी सुरक्षावाल्याकडे बघत जरा मोठ्यानंच म्हटलं.

"हो," तो म्हणाला, "पण परत येत नाही." आणि तिसरी वडी उचलली.

बाईंनी रेसिपी मागितली. मी म्हटलं, अंदाजे एक लड, अर्धा-पाऊण लिटर दूध, साखर चवीप्रमाणे. 'अंदाजे'शी त्यांचं जमेना. वजनकाटा आणला, माझ्या पिशवीतली उरलेली लड मोजली आणि कार्डावर मीडियाच्या पाककृतीसारखं लिहून घेतलं: आगर १ टक्का, साखर ८ टक्के, वेलची, दूध १ लिटरपर्यंत. खाली ठळक अक्षरांत: ऑटोक्लेव्ह करू नये.